बार्शी लाइटचे शिल्पकार

सोलापूर जिल्ह्यातील कुर्डुवाडी हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा हमरस्ता लोहमार्ग या गावावरून जातो. येथूनच एक फाटा बार्शीवरून लातूरकडे आणि दुसरा पंढरपूरवरून मिरजेकडे वळतो. हे दोन्ही फाटे आज रुंद मापाचे आहेत. परंतु जवळजवळ शंभर वर्षे त्यांवरून अडीच फूट रुंदीच्या रुळांची एक चिमुकली गाडी धावत होती. लोक तिला प्रेमाने ‘बार्शी लाइट’ म्हणत. या गाडीची कल्पना ज्यांच्या मनात प्रथम आली आणि ज्यांनी ती चिकाटीने प्रत्यक्षात उतरविली, त्या कल्पक अभियंत्याचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमधील एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत वडील. लहानपणापासून त्यांना दोन गोष्टींची विलक्षण ओढ होती. एक घोड्यांची आणि दुसरी यंत्रांची. शालेय शिक्षण संपल्यावर १८७४ साली क्रू येथील रेल्वेच्या प्रसिद्ध कारखान्यात ते उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथे हातात हातोडी आणि कानस घेऊन त्यांनी इंजिनाचा प्रत्येक भाग जवळून पाहिला. यंत्राविषयी मत द्यावयाचे तर ते यंत्र आधी स्वतःच्या हातांनी उघडून पाहिले पाहिजे, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा. कारण पुढे आयुष्यभर त्यांनी तो पाळला.

१८८२ साली ते हिंदुस्थानात आले आणि ‘ग्रेट इंडियन पेनिन्सुला’ रेल्वेत इंजिनांचे निरीक्षक म्हणून काम करू लागले. कामाच्या निमित्ताने त्यांना दख्खनच्या पठारावर हिंडावे लागे. त्या काळी कुर्डुवाडीच्या स्थानकास ‘बार्शी रोड’ असे नाव होते. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी बाजारपेठ. पण ती स्थानकापासून सुमारे एकवीस मैल, म्हणजे जवळजवळ पस्तीस किलोमीटर दूर होती. बार्शीचा सारा माल बैलगाड्यांतून स्थानकापर्यंत येई. उन्हाळ्यात धुळीने आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाने गाडीवान व बैल हैराण होत. चाके आसापर्यंत रुतली, की माल तसाच वाटेवर अडकून पडे.

ही केवळ व्यापाऱ्यांची अडचण नव्हती. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि सोलापूर जिल्ह्याला त्याची मोठी झळ लागली होती. लोहमार्गाने धान्य स्थानकापर्यंत येऊ शके. परंतु तेथून दूरच्या गावांपर्यंत ते पोहोचवावयाचे कसे? ज्या बैलांनी गाड्या ओढावयाच्या, तेच चाऱ्यावाचून मरत होते. या दुष्काळानंतर नेमलेल्या सरकारी आयोगानेही लोहमार्ग वाढविण्याची शिफारस केली होती. मुख्य मार्गाला लहान लहान फाटे फुटल्याशिवाय आडभागातील लोकांना रेल्वेचा खरा उपयोग होणार नाही, ही गोष्ट कॅलथ्रॉप यांना पटली होती.

परंतु रेल्वे बांधणे हे फार खर्चाचे काम. मुख्य मार्ग साडेपाच फूट रुंदीचा होता. त्याचे जड रूळ, मोठे पूल आणि रुंद भराव यांचा खर्च बार्शीसारख्या फाट्याला झेपणारा नव्हता. स्वस्त मार्ग बांधावा, तर त्यावर दुबळी इंजिने आणि खेळण्यासारखे डबे चालवावे लागतील आणि मालाची वाहतूक नीट होणार नाही, असे बहुतेक जाणकारांना वाटे. कॅलथ्रॉप यांचे मत मात्र निराळे होते. मार्ग हलका असला म्हणून त्याचे काम हलके असलेच पाहिजे असे नाही, असे ते मानीत.

त्यांचा विचार समजण्यासाठी एक साधे उदाहरण घेता येईल. ओढ्यावरच्या लाकडी साकवावरून माणसे एकामागून एक, अंतर ठेवून दिवसभर गेली तरी साकव मोडत नाही. तेवढ्या सर्व माणसांच्या वजनाची एकच शिळा त्यावर ठेवली, तर तो क्षणात कोसळेल. म्हणजे एकूण ओझे किती, यापेक्षा एका जागी किती ओझे पडते, याला अधिक महत्त्व आहे. रुळांचेही असेच असते. दोन चाकांना जोडणारा जो आडवा दांडा, त्याला आस म्हणतात. एका आसावर जितका भार पडतो, तितका रुळांना एका ठिकाणी सोसावा लागतो. त्या काळच्या गाड्यांत इंजिनाच्या आसावर फार मोठा भार असे आणि मालाच्या वाघिणींच्या आसांवर त्या मानाने थोडा. रूळ मात्र इंजिनासाठी जड घालावे लागत. इंजिन एकदा पुढे गेले, की त्या जड रुळांची बरीचशी शक्ती वाया जाई.

कॅलथ्रॉप यांनी हा हिशेब उलट बाजूने मांडला. त्यांनी आधी रूळ ठरविला. एका वार लांबीस तीस पौंड, म्हणजे मीटरला सुमारे पंधरा किलो वजनाचा हलका रूळ त्यांनी निवडला आणि प्रत्येक आसावर पाच टन ही मर्यादा आखली. मग इंजिन असो की वाघीण, कोणत्याही आसाने ही मर्यादा ओलांडू नये आणि शक्यतो कोणत्याही आसाने तिच्या फार खालीही राहू नये, असा नियम त्यांनी केला. इंजिनाला आठ चाके एकमेकांस जोडून दिली आणि मागे आणखी चार लहान चाके लावली. त्यामुळे इंजिनाचे वजन सहा आसांवर वाटले गेले, पण त्याची ओढण्याची शक्ती कमी झाली नाही. वाघिणींसाठी पोलादी पत्रे दाबून केलेले मजबूत परंतु हलके सांगाडे वापरले. चार आसांच्या वाघिणीचे भरल्यावर एकूण वजन वीस टनांपर्यंत असू शकते, हा हिशेब एखाद्या विद्यार्थ्यालाही करता येण्याजोगा आहे. मालाच्या सर्व वाघिणी एकाच मापाच्या, पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद अशा सांगाड्यांवर बांधल्यामुळे त्या तयार करणे आणि दुरुस्त करणे दोन्ही सोपे झाले.

योजना सुंदर होती. पण ती कागदावर होती. सरकारशी आणि रेल्वे कंपनीशी वाटाघाटी करण्यात वर्षांमागून वर्षे गेली. मधल्या काळात कॅलथ्रॉप यांनी नोकरी सोडली आणि इंग्लंडला परतून सल्लागार अभियंता म्हणून व्यवसाय सुरू केला. एखाद्याने बार्शीचा विचार तेथेच सोडून दिला असता. त्यांनी तो सोडला नाही. अखेर १८९५ साली ‘बार्शी लाइट रेल्वे कंपनी’ स्थापन झाली आणि अनेक वर्षांच्या प्रतीक्षेला फळ आले.

तरीही शंका घेणारे होतेच. त्यांना कॅलथ्रॉप यांनी शब्दांनी नव्हे, तर प्रत्यक्ष प्रयोगाने उत्तर दिले. १८९६ च्या आरंभी लीड्स शहराजवळ त्यांनी अडीच फूट रुंदीचा एक प्रायोगिक मार्ग घातला. त्यात मुद्दाम वळणे आणि चढउतार ठेवले. बार्शीसाठी बांधलेले इंजिन आणि वाघिणी त्यावर चालवून दाखविल्या आणि पाहण्यासाठी रेल्वेच्या जाणकारांना पाचारण केले. हलक्या रुळांवरून ते इंजिन भरलेल्या वाघिणी घेऊन सहज वळू लागले, तेव्हा अनेकांना आपले मत बदलावे लागले.

पुढच्याच वर्षी, १८९७ साली, बार्शी रोड ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. त्याच सुमारास या भागावर पुन्हा दुष्काळाचे सावट होते. जी वाट बैलगाडीला मोठ्या कष्टाने काटावी लागे, ती आता काही तासांत पुरी होऊ लागली. कापसाचे गठ्ठे व धान्याची पोती थेट बार्शीतून वाघिणीत चढू लागली. १९०६ साली कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत रूळ गेले आणि आषाढी-कार्तिकीस वारकऱ्यांची दाटी या लहान गाडीत होऊ लागली. १९११ साली मार्ग लातूरला पोहोचला. विठ्ठलाच्या दर्शनाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना आसाचा भार किंवा रुळाचे वजन यांची वार्ताही नसेल. परंतु त्यांची पायपीट वाचली होती.

या मार्गात एक उणीव होती. कुर्डुवाडीस रुंद आणि अरुंद असे दोन मार्ग मिळत. त्यामुळे सारा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. त्यात वेळ जाई, मजुरी लागे आणि मालाची नासाडीही होई. अरुंद मार्गाविरुद्धचा हा आक्षेप खरा होता आणि कॅलथ्रॉप यांना तो ठाऊक होता. इंग्लंडमध्ये १९०४ साली सुरू झालेल्या ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ या अडीच फुटी मार्गावर त्यांनी यावर एक तोड काढली. मोठ्या मार्गाची वाघीण मालासह जशीच्या तशी उचलून नेणारी बसकी वाहक गाडी त्यांनी तेथे चालविली. मूल जसे आईच्या कडेवर बसते, तशी मोठी वाघीण लहान गाडीवर बसून पुढे जाई.

१९१० साली त्यांच्या आयुष्यात एक दुःखद घटना घडली. त्यांचे मित्र आणि धाडसी वैमानिक चार्ल्स रोल्स हे विमान कोसळून मृत्यू पावले. त्या वेळी विमानविद्या बाल्यावस्थेत होती आणि विमान मोडले की वैमानिकाचा अंत ठरलेलाच असे. हे कॅलथ्रॉप यांच्या मनाला फार लागले. पन्नाशी उलटलेला हा रेल्वेचा अभियंता आता हवाई छत्रीच्या मागे लागला. येथेही प्रश्न भाराचाच होता. छत्री फाटू न देता आणि दोऱ्या गुंतू न देता माणसाचा भार तिच्यावर कसा येऊ द्यावा, हा. त्यांनी छत्री विमानाला जोडलेल्या पेटीत ठेवली. उडी घेणाऱ्याच्या वजनानेच ती ओढली जाऊन आपोआप उघडे. या छत्रीला त्यांनी ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षण करणारा देवदूत, असे नाव दिले.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. कॅलथ्रॉप यांनी आपली छत्री ब्रिटिश सैन्यापुढे ठेवली. १९१७ साली एका ब्रिटिश अधिकाऱ्याने चालत्या विमानातून तिच्या साह्याने सुखरूप उडी घेतली. शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी तिचा उपयोगही झाला. परंतु लढाऊ वैमानिकांना ती देण्यास वरिष्ठ राजी होईनात. छत्री जवळ असली, तर वैमानिक विमान टिकविण्याची शर्थ न करता उडी घेतील, अशी शंका काहींना वाटे. छत्रीचे वजन आणि आकार यांविषयीचे आक्षेपही होते. १९१८ मध्ये जर्मन वैमानिक छत्र्या वापरू लागले, तरी ब्रिटिश वैमानिक त्यांवाचूनच लढत राहिले. मागणी नोंदविली गेली, तेव्हा युद्ध संपत आले होते. लीड्सच्या मार्गावर प्रयोगाने जिंकलेल्या कॅलथ्रॉप यांना येथे प्रयोग यशस्वी होऊनही हार पत्करावी लागली आणि या हारीचे मोल तरुण वैमानिकांनी आपल्या प्राणांनी दिले.

उतारवयात ते आपल्या दुसऱ्या आवडीकडे वळले. अरबी घोडे पाळण्याचा त्यांना छंद होता. चाबकाने नव्हे, तर मायेने आणि विश्वासाने घोडा शिकवावा, असे त्यांचे मत होते. १९२० साली त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. यंत्र असो की प्राणी, त्याची ताकद ओळखून त्याच्याकडून काम घ्यावे, हाच त्यांचा स्वभाव होता. ३० मार्च १९२७ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी बार्शी लाइटचे रूळ पंढरपूरहून मिरजेपर्यंत जाऊन पोहोचले.

१९५४ साली भारत सरकारने ही रेल्वे विकत घेतली. पुढे वाहतूक वाढली, कुर्डुवाडीस माल उतरविण्या-चढविण्याची गैरसोय अधिकच जाणवू लागली आणि अखेर हे सर्व मार्ग रुंद करण्यात आले. कॅलथ्रॉप यांची चिमुकली गाडी इतिहासजमा झाली. परंतु म्हणून त्यांचा विचार चुकीचा होता असे म्हणता येणार नाही. ज्या काळी मोठा मार्ग बांधणे परवडणारे नव्हते, त्या काळी त्यांनी लहान मार्गाकडून मोठे काम करून घेतले.

आज वाफेची इंजिने गेली आणि घरोघरी संगणक आले. यंत्रांचे रूप पालटले, तरी यंत्र रचणाऱ्यापुढचा प्रश्न तोच आहे. जे साधन हाती आहे, त्याची शक्ती किती आणि त्यावर भार कसा वाटावा? संगणकाची आज्ञावली लिहिणाऱ्यालाही हा हिशेब चुकत नाही. कॅलथ्रॉप यांनी या प्रश्नाचे उत्तर वादात शोधले नाही. ते मोजून, करून आणि इतरांच्या डोळ्यांपुढे चालवून दाखविले. कुर्डुवाडीच्या फलाटावर उभे राहून बार्शीकडे वळणारे रूळ पाहताना त्या शांत, चिकाटीच्या माणसाची आठवण व्हावी, हे उचितच आहे.