गुनपेई योकोई : गेम बॉयचे शिल्पकार

हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमपैकी कोणता भारी, हा वाद आम्हा कॅडेट्समध्ये कधीच संपत नाही. पडदा मोठा कोणाचा, रंग चांगले कोणाचे, वेग जास्त कोणाचा, एवढेच आम्ही मोजतो. पण यातल्या बहुतेक बाबतींत मागे असलेले यंत्र घेऊन एका जपानी अभियंत्याने सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना हरवले होते.

गुनपेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकून ते १९६५ मध्ये निन्टेंडो कंपनीत लागले. तेव्हा ही कंपनी खेळायचे पत्ते बनवत असे आणि योकोईंकडे तिथल्या यंत्रांची देखभाल होती. फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी वस्तू पकडणारा, लांब होणारा एक हात तयार केला. तो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडला. शिक्षा होण्याऐवजी तो बाजारात आणण्याचा हुकूम सुटला. 'अल्ट्रा हँड' या नावाने ते खेळणे दहा लाखांहून अधिक खपले.

पुढे आगगाडीत कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ घालवणारा एक प्रवासी त्यांनी पाहिला. त्यातून १९८० मध्ये खिशात मावणारा 'गेम अँड वॉच' जन्मला.

खरी लढाई १९८९ मध्ये पेटली. योकोईंच्या चमूने 'गेम बॉय' आणला. त्याच वर्षी अटारीचा 'लिंक्स' आला आणि पाठोपाठ सेगाचा 'गेम गिअर'. या दोघांचे पडदे रंगीत आणि उजळ होते. गेम बॉयच्या हिरवट पडद्यावर फक्त चार छटा दिसत आणि अंधारात खेळता येत नसे. पण लिंक्स आणि गेम गिअर सहा पेन्सिल सेल चार-पाच तासांत संपवत, तर गेम बॉय चार सेलवर सुमारे १५ तास चाले. अमेरिकेत त्याची किंमत ९० डॉलर होती. लिंक्सची १८० आणि गेम गिअरची १५०. शिवाय तिथे सोबत 'टेट्रिस' मिळे. रंगीत आवृत्ती धरून गेम बॉय ११ कोटींहून अधिक खपला. गेम गिअर सुमारे एक कोटी.

आखाती युद्धात बराकीवरील बॉम्बहल्ल्यात एक गेम बॉय होरपळला. त्याचे कवच वितळले, तरी तो चालत राहिला.

जुने, स्वस्त, पारखलेले तंत्रज्ञान घ्यायचे आणि ते नव्या कामाला लावायचे, हे योकोईंचे सूत्र होते. रूट मार्चला आम्ही कोरे बूट घालत नाही, पायाला रुळलेले घालतो, तसेच हे. मी स्वतः क्रॉस-कंट्रीत कधी पहिला येत नाही, पण शेवटपर्यंत धावतो. म्हणून योकोई मला जवळचे वाटतात.

त्यांनाही अपयश आले. १९९५ चा 'व्हर्च्युअल बॉय' साफ पडला. १९९६ मध्ये निन्टेंडो सोडून त्यांनी 'कोतो' ही स्वतःची कंपनी काढली आणि पुन्हा एका छोट्या यंत्रावर काम सुरू केले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. ते यंत्र, बांदाई कंपनीचा 'वंडरस्वान', १९९९ मध्ये बाजारात आले. त्याला लागत असे फक्त एक पेन्सिल सेल.