बर्टआजोबांचा क्लच

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकानं गॅलरीत पेपर पसरून बाइकचा क्लच उघडला. तेलानं माखलेल्या गोल चकत्या काढून ठेवल्या कशात, तर माझ्या कुरड्यांच्या ताटात! (ते ताट परत स्वयंपाकघरात आलं नाही, हे सांगायला नकोच.) त्याला ड्रॅग रेसिंगचं वेड लागलंय. म्हणजे उभ्या गाडीवरून निघायचं आणि सरळ रेषेत कोण आधी पोचतं ते बघायचं. त्याला नेहमीचा क्लच पुरत नाही म्हणे. कडक स्प्रिंगा हव्यात, जादा चकत्या हव्यात, आणि अर्थातच आईकडून पैसे हवेत.

संध्याकाळी फुटाळ्याकडे गाड्यांचा आवाज चढला की माझ्या पोटात गोळा येतो. मी सरळ नाही म्हटलं. तेव्हा त्यानं वकिलासारखा दाखला पुढे केला, बर्ट मन्रो यांचा. त्यांच्यावर २००५ साली इंग्रजी सिनेमाही निघाला होता, अँथनी हॉपकिन्सचा. लेकाचं तोंड बंद करायला म्हणून मी या माणसाबद्दल वाचायला घेतलं आणि मीच त्यात अडकले.

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. त्या भागात २५ मार्च १८९९ ला बर्ट जन्मले. जुळं होतं. बहीण जन्मतःच गेली आणि हे बाळही दोन वर्षांपलीकडे जगायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. बाळ चांगलं अठ्ठ्याहत्तर वर्षं जगलं! शेतकऱ्याचं घर, पण मुलाचं मन शेतात नव्हतं. १९२० मध्ये त्यांनी ‘इंडियन स्काउट’ ही मोटारसायकल घेतली. नाव वाचून मला वाटलं, आपलीच! तर ती अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. ६०० सीसीची, जास्तीत जास्त ताशी ८८ किलोमीटर पळणारी. आजची आपली स्कूटरसुद्धा तिच्या बरोबरीनं जाईल. हीच एक गाडी त्यांनी जन्मभर बदलत नेली.

दिवसा मोटारसायकली विकायच्या आणि रात्री आपली गाडी उघडून बसायचं. पैसा नव्हता. जुन्या डब्यांत धातू ओतून भाग घडवायचे. चाकाच्या जुन्या आरीचं मापयंत्र केलं. पिस्टनला जोडणारे दांडे ट्रॅक्टरच्या आसातून हातानं कोरून काढले. मोडलेले भाग फेकले नाहीत, तर फळीवर मांडून ती फळी वेगाच्या देवाला वाहिली. आपल्या देवघरासारखीच की, फक्त नैवेद्य फुटक्या पिस्टनचा.

आता तो क्लच. मला तो समजला बरणीमुळे. ओल्या हातानं लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवलं तर हात नुसता घसरतो, झाकण जागचं हलत नाही. मग आपण फडकं घेतो नि दाबून धरतो. क्लचमध्ये एकाआड एक चकत्या असतात. काही इंजिनाबरोबर फिरतात, काही चाकाकडे जोर नेतात, आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. इंजिन जोरकस केलं की चकत्या घसरू लागतात, तापतात, जळतात. आपला मेकॅनिकभाऊ क्लच-प्लेट गेली म्हणतो ना, तेच. मन्रोंनी जुना क्लच काढून सतरा चकत्यांचा बसवला आणि त्यावर हजार पौंडांचा, म्हणजे साडेचारशे किलोंचा दाब ठेवला. पुढची चेनही तिहेरी केली. कारण एक ठिकाण मजबूत केलं की ताण पुढच्या कच्च्या ठिकाणी जातो. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं कशाला सांगायला हवं!

पण घराचं काय? माझी नजर तिथंच अडली. १९२७ मध्ये त्यांनी बेरिलबाईंशी लग्न केलं. चार मुलं झाली. रात्र-रात्र नवरा गाडीपाशी, म्हणजे चार पोरांचं दुखणं-खुपणं कुणी काढलं असेल, ते मी तुम्हाला काय सांगू? १९४७ च्या सुमारास दोघं वेगळे झाले. त्यानंतर बर्ट नोकरी सोडून गॅरेजमध्येच राहू लागले. सिनेमा त्यांच्या म्हातारपणाचा आहे, त्यामुळे संसाराची वर्षं त्यात नाहीत. लेकाला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, आई, तू प्रत्येक गोष्टीत बाईच शोधतेस. शोधते, बरं का!

तरी त्या माणसाची जिद्द नाकारता येत नाही. छातीचं दुखणं होतं. साठी ओलांडल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन गाडी पळवली. यूटा राज्यात बॉनव्हिल इथं कोरड्या मिठाचं अफाट मैदान आहे. ना वळण, ना झाड, ना रस्त्यानं जाणारं कुणाचं पोर. तिथं १९६२ मध्ये त्यांनी ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. ऑगस्ट १९६७ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्याच सत्तेचाळीस वर्षं जुन्या गाडीवर ताशी २९५ किलोमीटरहून जास्त वेग गाठला. हजार सीसीच्या आतल्या गटात तो विक्रम ठरला.

मीही लेकाला अट घातली. क्लच बदल, पण गाडी बंद ट्रॅकवरच पळवायची, शहराच्या रस्त्यावर नाही. पैसे अर्धे. सध्या तो स्वतःचे अर्धे जमवतोय आणि चकत्या एका जुन्या बिस्किटाच्या डब्यात आहेत.

बर्ट ६ जानेवारी १९७८ ला गेले. पण विक्रमाची गोष्ट तिथं संपली नव्हती. असा विक्रम जाताना आणि येताना मिळून दोन फेऱ्यांच्या सरासरीवर ठरतो. त्यांचा मुलगा जॉन यानं पुढे कधीतरी ते जुने आकडे पाहिले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सरासरी काढतानाच चूक झालीय. त्यानं अमेरिकेच्या मोटारसायकल संघटनेला ती दाखवून दिली. २०१४ मध्ये, वडील जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर, त्यांचा विक्रम २९५.४५ वरून २९६.२६ किलोमीटर झाला. बेरिलबाईंच्याच लेकानं ती चूक शोधली होती.