राजा रविवर्मा आणि ‘हंस-दमयंती’

लोकप्रियतेचे मोल कलावंताला कोणत्या रूपाने चुकवावे लागते, याचे ठळक उदाहरण म्हणजे राजा रविवर्मा यांचे जीवन होय. त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे २९ एप्रिल १८४८ रोजी त्यांचा जन्म झाला. राजाश्रय लाभला, तरी तैलरंगाचे तंत्र शिकविणारा गुरू लाभला नाही. दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराचे काम पाहून त्यांनी ते बव्हंशी स्वप्रयत्नाने आत्मसात केले. १८७३ मध्ये मद्रास व व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत त्यांचा गौरव झाला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांसाठी त्यांनी चौदा पौराणिक चित्रे रंगविली.

१८९९ च्या ‘हंस-दमयंती’ या तैलचित्रात लाल साडी नेसलेली विदर्भराजकन्या समोरच्या हंसाकडून नलाची वार्ता ऐकते आहे. रघुनाथ पंडितांच्या आख्यानकाव्यामुळे हा प्रसंग मराठी रसिकांच्या चांगल्या परिचयाचा. काव्यातील हंस बोलतो; चित्रातील हंसाला वाणी नाही. परिणामी कथेचा सारा भार नायिकेच्या मुद्रेवर व देहभंगीवर पडतो. रविवर्म्यांच्या चित्रांवर पुढे जो नाटकीपणाचा आक्षेप आला, त्याचे एक मूळ येथे आहे.

दुसरे मूळ मुद्रणात सापडते. देवदेवतांची व पुराणनायिकांची चित्रे सामान्यांच्या घरी पोहोचावीत, या हेतूने त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. नंतर तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरावी लागे. या प्रक्रियेत तैलरंगातील सूक्ष्म छटा लोपून चित्रे भडक होत. घरोघरी भिंतींवर ती लागली. छापखाना मात्र कर्जात बुडून जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्या हाती गेला.

१९०५ मध्ये सहकारी बंधू सी. राजराजवर्मा निवर्तले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्म्यांचेही निधन झाले. आनंद कुमारस्वामींसारख्या समीक्षकांनी त्यांच्या कलेला कल्पनाशून्य ठरविले. कालांतराने बाजारू अभिरुचीचे खापरही तिच्यावर फुटले. १९७९ मध्ये मात्र भारत सरकारने त्यांच्या कलाकृतींना राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा दिला. मूळ चित्र आणि त्याचा छाप यांना एकाच मापाने मोजल्यामुळे हा निवाडा दीर्घकाळ एकांगी राहिला. ज्या छापांनी त्यांना दोष आणला, त्यांनीच दमयंतीला अक्षरशत्रू घरांतही चेहरा दिला, हे विसरता येत नाही.