वनस्पतींचे अभ्यासक चिंतामणराव देशमुख

पेणहून दक्षिणेकडे निघालेला प्रवासी नागोठण्यावरून रोह्याला येतो. कुंडलिका नदीच्या तीरावर हे गाव वसलेले आहे. भोवती टेकड्या आहेत. वैशाख-ज्येष्ठात या भागातील रानात कुडा पांढऱ्या फुलांनी बहरतो, जांभळीखाली पिकल्या फळांचा सडा पडतो आणि पावसाळा लागला की ओढ्याकाठचा केवडा दरवळू लागतो. गावकऱ्यांना ही झाडे नित्याचीच. त्यामुळे त्यांच्याकडे कोणी मुद्दाम थांबून पाहत नाही. याच परिसरात बालपण घालविलेल्या एका मुलाने मात्र वनस्पतींच्या अभ्यासात सातासमुद्रापलीकडे पारितोषिक मिळविले, आणि पुढे तो भारताचा अर्थमंत्री झाला. त्याचे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी झाला. आजचा रायगड जिल्हा त्या वेळी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई. वडील वकिली करीत. आई भागीरथीबाई धर्मपरायण होत्या. चिंतामणरावांची बुद्धी लहानपणापासूनच तल्लख होती. १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृत विषयासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. संस्कृतात असे प्रावीण्य मिळविणारा विद्यार्थी पुढे काव्यशास्त्राकडेच वळेल, असे कोणालाही वाटले असते. परंतु १९१५ साली ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिज येथील जीझस महाविद्यालयात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास आरंभिला. वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय होते.

तो पहिल्या महायुद्धाचा काळ होता. अशा दिवसांत परक्या देशात राहून चिंतामणराव अभ्यासात मग्न राहिले. वनस्पतिशास्त्राचा अभ्यास म्हणजे केवळ झाडांची नावे पाठ करणे नव्हे. पानाची ठेवण, फुलातील पाकळ्यांची व केसरांची संख्या, मुळांची व खोडाची आतील रचना ही सारी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागतात. भिंगाखाली जे दिसते तेच लिहावयाचे, आणि जे दिसत नाही ते मनाने जोडावयाचे नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम होय. चिंतामणरावांनी तो पुरता आत्मसात केला. १९१७ साली ते पदवी परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण झाले आणि वनस्पतिशास्त्राचे फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी लंडन येथे झालेल्या आय. सी. एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळविला.

मायदेशी परतल्यावर मध्यप्रांत व वऱ्हाडात त्यांची नेमणूक झाली. महसुलाचे काम म्हणजे जमिनीचे, पिकांचे आणि पावसाचे काम. प्रयोगशाळेतला विद्यार्थी आता शेतकऱ्यांच्या बांधावर आला. या प्रांताची राजधानी नागपूर. नागपूरजवळचे रामटेक म्हणजेच कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी, असे पुष्कळ विद्वान मानतात. या मेघदूताचे मराठी पद्यांत भाषांतर चिंतामणरावांनी पुढे केले, हा मोठा सुंदर योग होय.

मेघदूत हे जसे विरहाचे काव्य आहे, तसेच ते वनस्पतींचेही काव्य आहे. शापामुळे पत्नीपासून दुरावलेला एक यक्ष रामगिरीवर राहतो. आषाढात आकाशात मेघ दिसताच तो त्याचे स्वागत करतो, तेही कुड्याच्या ताज्या फुलांनी! मेघाच्या वाटेवर केवड्याची कुंपणे फुलतात, पिकल्या जांभळांनी वने काळीभोर होतात आणि कदंबाच्या फुलांनी टेकडी रोमांचित होते. शेवटी मेघ अलका नगरीत पोहोचतो. तेथे कल्पवृक्ष आहे. वस्त्रे, फुले, अलंकार, पायांना लावावयाचा रंग हे सारे तो एकटाच देतो. मागावयाचाच काय तो अवकाश!

आता विचार करून पाहा. कल्पवृक्ष अलका नगरीत आहे. पण दुःखात असलेल्या यक्षाच्या हाताशी होता तो रानातला साधा कुडा. हाच कुडा रोह्याच्या परिसरातही आढळतो. त्याची साल कडू असते. आयुर्वेदात ती आमांशावर व अतिसारावर दिली जाते, आणि त्याच्या बियांना इंद्रजव म्हणतात. केवड्यापासून अत्तर निघते. जांभळाचे फळ खाल्ले जाते, तर साल व बी औषधात वापरतात. कल्पवृक्षाजवळ मागितले की मिळते. कुड्याजवळ मात्र त्याचे गुण अभ्यासाने ओळखावे लागतात, आणि तो तोडून न टाकता जपावाही लागतो. संस्कृत आणि वनस्पतिशास्त्र या दोहोंचे ज्ञान असलेल्या चिंतामणरावांसारख्या वाचकाला या काव्यातील प्रत्येक झाड ओळखीचे वाटले असेल, यात नवल नाही.

राष्ट्राच्या संपत्तीचेही असेच असते. ती कल्पवृक्षाखाली बसून मिळत नाही. झाडासारखी हळूहळू वाढवावी लागते. १९४३ साली चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले. देशाची फाळणी झाली तेव्हा चलनव्यवस्थेची घडी विसकटू न देण्याचे अवघड काम त्यांच्या काळात पार पडले. १९५० साली ते भारताचे अर्थमंत्री झाले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा काळ तो हाच. १९५२ साली कुलाबा जिल्ह्याने त्यांना लोकसभेवर निवडून पाठविले.

मग कसोटीचा प्रसंग आला. १९५६ च्या आरंभी मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. लोक खवळून उठले आणि मुंबईत गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. अर्थमंत्र्याचे पद म्हणजे सत्तेचा कल्पवृक्षच. गप्प बसले असते तर ते त्यांच्या हाती राहिले असते. परंतु जो निर्णय त्यांना अन्यायाचा वाटला त्याला मूक संमती देणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जे दिसते तेच सांगावयाचे, हा तरुणपणी अंगी बाणलेला नियम त्यांनी येथेही पाळला. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. पुढे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले.

पद गेले, तरी काम संपले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी देशातील उच्च शिक्षणाची जोपासना केली. १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात १९६४ साली शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी या संशोधकांनी एक अपूर्व शोध लावला. सामान्यतः बी तयार होण्यास परागकण व बीजांड या दोहोंचा संयोग लागतो. या संशोधकांनी धोतऱ्याच्या फुलातील परागकोश पोषक द्रव्यांत वाढविले, आणि केवळ परागकणांपासून रोपाचे अंकुर निर्माण झाल्याचे दाखविले! पुढे हीच रीत भातासारख्या पिकांच्या नव्या जाती लवकर तयार करण्यास उपयोगी पडली. धोतरा विषारी असतो. उकिरड्यावर उगवणारे हे झाड कोणी अंगणात लावीत नाही. परंतु जगातील शास्त्रज्ञांना त्यानेच नवी वाट दाखविली. हा शोध चिंतामणरावांचा नव्हे. पण ज्या शास्त्रात त्यांनी तरुणपणी पारितोषिक मिळविले, त्याच शास्त्राला त्यांच्या विद्यापीठात असे फळ यावे, हा योगायोग त्यांना सुखावून गेला असेल.

चिंतामणरावांना बागकामाची आवड होती. त्यांनी संस्कृतात काव्यरचनाही केली. १९५३ साली त्यांचा विवाह थोर समाजसेविका दुर्गाबाई यांच्याशी झाला होता. १९७५ साली भारत सरकारने चिंतामणरावांना पद्मविभूषण ही पदवी दिली. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

कुंडलिकेच्या काठी आजही कुडा फुलतो. तो कोणाला इच्छिलेले वरदान देत नाही. परंतु जो त्याच्यापाशी थांबतो, त्याचे पान, फूल व साल निरखून पाहतो आणि त्याला जपतो, त्याला तो ज्ञान देतो, औषध देतो आणि खरे तेच पाहण्याची सवयही लावतो. चिंतामणरावांनी ही सवय आयुष्यभर सोडली नाही. म्हणूनच मोठे पद सोडताना त्यांचा हात कापला नाही.