खिडकी होती, पण हवा का नव्हती? न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या खोल्या दाखवणारे जेकब रीस कोण होते?

घरातल्या प्रत्येक खोलीला बाहेर उघडणारी खिडकी हवी, हा नियम आज अगदी साधा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये तो १८७९ साली कायद्यात आला आणि त्यातून नवाच धोका तयार झाला. तो धोका लोकांसमोर आणणाऱ्यांत एक क्राइम रिपोर्टर होता, जेकब रीस.

रीस मूळचे डेन्मार्कचे. ३ मे १८४९ रोजी रीबे या गावात जन्म. सुतारकाम शिकून १८७० मध्ये ते अमेरिकेत आले. काम मिळेना, तेव्हा पोलिस ठाण्यातल्या बेघरांच्या निवाऱ्यात झोपायची वेळ आली. तिथे त्यांचं सोन्याचं लॉकेट चोरीला गेलं. तक्रार केली तर त्यांनाच बाहेर काढलं आणि सोबतच्या कुत्र्याला पोलिसाने मारून टाकलं. १८७७ मध्ये ते ट्रिब्यून या दैनिकात पोलिस बीटवर रुजू झाले. ऑफिस मलबेरी स्ट्रीटवर, पोलिस मुख्यालयासमोर. आजूबाजूला स्थलांतरित मजुरांची भाड्याची घरं, म्हणजे टेनेमेंट. आपल्या चाळीसारखीच दाटीवाटी, पण बहुतेक खोल्यांना ना उजेड ना वारा.

कायद्यातून पळवाट कशी निघाली?

१८७९ च्या कायद्याने खिडकी सक्तीची केली, पण ती रस्ता, अंगण किंवा हवेच्या डक्टकडे उघडली तरी चालणार होती. प्लॉट साधारण २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब. मोकळी जागा सोडली तर भाडं बुडणार. मग इमारत मधोमध थोडी आत घ्यायची, शेजारच्या इमारतीनेही तसंच करायचं आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम २८ इंचांची फट ठेवायची. वरून हा आकार व्यायामाच्या डंबेलसारखा दिसायचा, म्हणून नावही तेच पडलं. कागदावर नियम पाळला गेला. प्रत्यक्षात पाच-सहा मजली डक्टच्या तळाशी ऊन पोहोचत नसे. रहिवासी त्यात कचरा टाकत आणि दुर्गंधीमुळे त्याच खिडक्या बंद ठेवत.

आग लागली की प्रकरण जिवावर बेतायचं. गरम हवा वर जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. उभी, अरुंद पोकळी म्हणजे आयतं धुराडंच. खालची आग डक्टमधून चढून वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतून आत शिरायची.

नुसतं लिहून कोणी विश्वास ठेवत नव्हतं. १८८७ मध्ये रीस यांनी मॅग्नेशियमच्या फ्लॅश पावडरबद्दल वाचलं आणि ते रात्री अंधाऱ्या खोल्यांत कॅमेरा घेऊन शिरू लागले. आधी पिस्तुलासारखं यंत्र वापरलं, पण लोक घाबरून पळत. मग चक्क तळणाच्या तव्यात पावडर पेटवली. एकदा अंध भाडेकरूंचा फोटो घेताना भिंतीवरच्या कागद-चिंध्यांनी पेट घेतला. खोलीतल्या कोणालाच दिसत नव्हतं. रीस यांनी ती आग विझवली.

१८९० मध्ये त्यांचं ‘हाऊ द अदर हाफ लिव्ह्ज’ हे पुस्तक आलं. ते वाचून थिओडोर रूझवेल्ट त्यांना येऊन भेटले. पुढे पोलिस आयुक्त असताना रूझवेल्ट यांनी ते बेघर निवारे बंद केले. पुस्तकाची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्यू, इटालियन, चिनी लोकांबद्दल त्यात सरसकट पूर्वग्रहाची शेरेबाजी आहे आणि आज ती खटकतेच.

१९०१ मध्ये काय बदललं?

नव्या कायद्यामागची किचकट मेहनत लॉरेन्स व्हीलर यांची होती. त्यासाठीचं जनमत तयार करण्यात रीस यांचा मोठा वाटा. अरुंद डक्टवर बंदी आली आणि अंगणाची किमान मापं ठरली. प्रत्येक घराला स्वतंत्र शौचालय आणि जिन्यांना आगीपासून संरक्षण बंधनकारक झालं. आधीच उभ्या असलेल्या हजारो इमारती मात्र पाडल्या गेल्या नाहीत. त्यांच्या अंधाऱ्या खोल्यांना शेजारच्या खोलीत उघडणारी खिडकी पाडा, एवढंच सांगितलं गेलं.

रीस यांचं निधन २६ मे १९१४ रोजी झालं. त्यानंतर २१ वर्षांनी, १९३५ मध्ये, ९७ ऑर्चर्ड स्ट्रीट या जुन्या टेनेमेंटच्या मालकाने आगप्रतिबंधक दुरुस्त्यांवर खर्च करण्याऐवजी भाडेकरूंना बाहेर काढलं. ती इमारत आज संग्रहालय आहे आणि आतल्या भिंतीत पाडलेल्या खिडक्या तिथे अजून बघायला मिळतात.