महाराष्ट्राचा संघ घडवणारे प्राध्यापक

नांदगाव : मनमाडच्या पुढे, भुसावळच्या वाटेवर असलेल्या नांदगावातील एखाद्या मुलाला रणजी सामना खेळायचा असेल, तर त्याला मुंबईच्या संघात जागा शोधून चालत नाही. राजकीय नकाशावर महाराष्ट्र एक असला तरी क्रिकेटच्या नकाशावर त्याचे तीन भाग आहेत : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. नाशिक जिल्हा यातील तिसऱ्या भागात येतो. नाशिकचा फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव ज्या संघातून खेळला, तो हाच संघ. भाषावार राज्य १९६० मध्ये स्थापन झाले. 'महाराष्ट्र' हे नाव घेऊन उतरणारा क्रिकेट संघ मात्र त्याआधी २६ वर्षे मैदानात होता. या नवख्या संघाला पहिल्या काही हंगामांतच देशाच्या विजेतेपदापर्यंत नेण्याचे श्रेय ज्या एका माणसाकडे जाते, ते म्हणजे प्रा. दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यात झाला. तो काळ पुण्यात क्रिकेट रुजण्याचा होता. एका बाजूला लष्कर भागातील गोऱ्या अधिकाऱ्यांचा खेळ, दुसऱ्या बाजूला शहरातील शाळा-महाविद्यालयांच्या पटांगणांवर वाढलेला हिंदी तरुणांचा खेळ, असे त्याचे स्वरूप होते. याच पुण्याच्या मैदानांवर घडलेले डावखुरे गोलंदाज पळवणकर बाळू १९११ मध्ये इंग्लंडला गेलेल्या हिंदी संघातून शंभराहून अधिक बळी घेऊन परतले. त्याच वर्षी तरुण देवधरांनी मुंबईच्या तिरंगी सामन्यांत हिंदू संघाकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पाऊल टाकले.

पुढे देवधर पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. खेळ हा पोटापाण्याचा उद्योग होऊ शकत नाही, हे तेव्हाचे सर्वमान्य सत्य होते. संस्थानिकांच्या पदरी नोकरी पत्करून खेळणारे काही खेळाडू होते. देवधरांनी तो मार्ग स्वीकारला नाही. सकाळ-दुपार वर्गात आणि संध्याकाळ मैदानावर, असा त्यांचा शिरस्ता राहिला. शिक्षकाची शिस्त आणि खेळाडूची जिद्द यांचा मेळ त्यांच्या स्वभावात होता. तो पुढे संघ बांधताना उपयोगी पडला.

कसोटीची हुकलेली संधी

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ भारतात आला. मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाकडून सी. के. नायडू यांनी १५३ धावांची तुफानी खेळी केली आणि हिंदी फलंदाज इंग्रजांच्या बरोबरीने उभे राहू शकतात, हे हजारो प्रेक्षकांनी पाहिले. त्यानंतर त्याच महिन्यात अखिल भारतीय संघाकडून खेळताना देवधरांनी १४८ धावा काढल्या. नायडूंच्या खेळीने लोकांना चकित केले, तर देवधरांच्या खेळीने ती किमया एका दिवसापुरती नव्हती याची खात्री पटवली. या दौऱ्याने दिलेल्या आत्मविश्वासातून १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला.

त्या पहिल्या संघात देवधर नव्हते. त्यांनी चाळिशी गाठली होती. ज्या कसोटी दर्जासाठी त्यांच्या पिढीने पाया घातला, त्याचा लाभ पुढच्या पिढीला मिळाला आणि देवधरांच्या नावापुढे कसोटी सामन्यांची संख्या कायमची शून्य राहिली. चाळिशीतल्या दुसऱ्या कोणी अशा वेळी बॅट खुंटीला टांगली असती. देवधरांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे काम मात्र यानंतर सुरू झाले.

नवा संघ, जुनी बलस्थाने

१९३४ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रासमध्ये झालेल्या मद्रास आणि म्हैसूर यांच्यातील पहिल्या सामन्याचा निकाल एकाच दिवसात लागला. तोपर्यंत देशातील सर्वांत लोकप्रिय स्पर्धा म्हणजे मुंबईचे चौरंगी सामने. त्यात हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन असे धर्म आणि वंशावर आधारलेले संघ उतरत. १९३७ मध्ये 'इतर' हा पाचवा संघ आल्यावर ते पंचरंगी झाले. रणजी स्पर्धेने पहिल्यांदा प्रदेश हा संघाचा आधार मानला आणि पहिल्याच हंगामात महाराष्ट्राचा संघ त्यात दाखल झाला.

या संघापुढील अडचणी उघड होत्या. शेजारच्या मुंबईकडे जिमखाने होते, धनिक आश्रयदाते होते आणि तयार खेळाडूंची रांग होती. नवानगर, बडोदा यांसारख्या संघांमागे संस्थानांची तिजोरी उभी होती. नवानगरने तर ससेक्स परगण्याचे अल्बर्ट वेन्सली यांना आणून १९३६-३७ चा करंडक जिंकला. महाराष्ट्राकडे पुण्यातील महाविद्यालये, काही क्लब आणि दूरवर पसरलेला मुलूख एवढेच होते.

त्यातच स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक सामना गमावला की हंगाम संपला. पश्चिम विभागातून बाहेर पडायचे तर मुंबई, नवानगर, गुजरात, बडोदा, सिंध, पश्चिम हिंदुस्थान संस्थाने अशा संघांची फळी ओलांडावी लागे. पहिल्या दोन हंगामांत मुंबईने करंडक पटकावला, त्यानंतर नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांचा क्रम लागला. पाच हंगाम महाराष्ट्राच्या हाती काही लागले नाही. वर्षभराच्या सरावानंतर वाट्याला येणारे क्रिकेट काही वेळा एकाच सामन्याचे असे. अशा परिस्थितीत खेळाडूंना एकत्र ठेवणे हेच मोठे काम होते.

ते काम देवधरांनी केले. खेळाडू फक्त पुण्यातच सापडतात, असे त्यांनी मानले नाही. सांगलीत जन्मलेले विजय हजारे आणि अष्टपैलू रंगा सोहोनी हे या संघाचे मुख्य आधारस्तंभ झाले. सागरमध्ये जन्मलेले चंदू सरवटे पुढे त्यात सामील झाले. पारशी समाजातील नगरवाला यांची साथ होती. जतच्या संस्थानिकांनी ऑस्ट्रेलियाचे विख्यात लेगस्पिनर क्लॅरी ग्रिमेट यांना भारतात आणले, त्यांच्या मार्गदर्शनाचा लाभ हजारे यांना झाला. वयाने वीस-पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या या मुलांमध्ये देवधर वडीलधारे होते आणि सहकारीही.

या संघाचे वेगळेपण त्या काळाच्या पार्श्वभूमीवर अधिक उठून दिसते. ख्रिस्ती असलेले हजारे मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत 'इतर' संघाकडून खेळत, तर देवधरांची ओळख हिंदू संघाचे फलंदाज अशी होती. मुंबईत वेगवेगळ्या तंबूंत बसणारी ही माणसे महाराष्ट्राच्या संघात एका बाजूने उतरत. १९४० च्या डिसेंबरमध्ये महात्मा गांधींनी जातीय सामन्यांविरुद्ध मत दिले आणि १९४६ मध्ये ते सामने बंद झाले. त्यांच्या जागी काय असावे, याचे एक चालते-बोलते उत्तर पुण्यात आधीच तयार होते.

धावांचा डोंगर आणि २५ धावांची आघाडी

तेव्हाच्या नियमानुसार सामना निकाली न निघाल्यास पहिल्या डावात आघाडी घेणारा संघ पुढे जाई. पूना क्लबच्या मैदानावरील खेळपट्टी फलंदाजांना अनुकूल होती. पहिल्या डावात धावांचा डोंगर रचायचा आणि प्रतिस्पर्ध्याला त्याखाली दाबून टाकायचे, हा या परिस्थितीतील शहाणपणाचा मार्ग होता. घाई नाही, विकेट फेकणे नाही, तळाच्या फलंदाजानेही उभे राहायचे, अशा खेळाची सवय संघाला लागली.

१९३९-४० च्या हंगामात तिचे फळ दिसले. बडोद्याविरुद्ध पुण्यात हजारे यांनी नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतील हे पहिले त्रिशतक. त्या डावात हजारे आणि नगरवाला यांनी नवव्या विकेटसाठी २४५ धावांची भागीदारी केली. नगरवाला यांचा वाटा ९८ धावांचा होता. त्या हंगामाच्या अंतिम सामन्यात पुण्यातच संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव करून महाराष्ट्राने प्रथमच रणजी करंडक जिंकला. कर्णधार देवधर तेव्हा ४८ वर्षांचे होते.

पुढच्या हंगामात मुंबईशी पुण्यात गाठ पडली. हा सामना आजही जुन्या जाणकारांच्या बोलण्यात येतो. महाराष्ट्राने पहिल्या डावात ६७५ धावा केल्या. त्यात सर्वांत मोठा वाटा खुद्द कर्णधाराचा होता. देवधरांनी २४६ धावा काढल्या आणि त्यांच्या कारकिर्दीतील ही सर्वोच्च धावसंख्या ठरली. मुंबईनेही हार मानली नाही. त्यांचा डाव लांबत गेला, सहाशेचा टप्पा ओलांडून ६५० पर्यंत पोहोचला आणि तिथे संपला. तेराशेपेक्षा जास्त धावांच्या या झुंजीचा निकाल अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर लागला. त्या हंगामाचा अंतिम सामना मद्रासमध्ये झाला. परक्या मैदानावर मद्रासवर सहा गडी राखून विजय मिळवत महाराष्ट्राने करंडक राखला. पुण्याच्या निर्जीव खेळपट्टीच्या जोरावर हा संघ जिंकतो, या आक्षेपाला ते उत्तर होते.

संघ विखुरला

यशाबरोबर त्याची किंमतही आली. हजारे बडोद्याच्या सेवेत गेले आणि १९४२-४३ मध्ये बडोद्याने करंडक जिंकला. सरवटे मुंबईमार्गे इंदूरच्या होळकर संघात पोहोचले. संस्थानांकडे नोकरी, निवास आणि मानमरातब देण्याची ताकद होती. महाविद्यालयातील प्राध्यापकाकडे देण्यासारखा होता तो फक्त खेळ. त्या काळात खेळाडूच्या संसाराचा प्रश्न क्रिकेटने सुटत नसे, त्यामुळे जाणाऱ्यांना दोष देता येत नाही. १९४३-४४ मध्ये विजय मर्चंट यांनी महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा काढल्या, तेव्हा दोन वर्षांपूर्वीचा दरारा ओसरल्याचे स्पष्ट झाले होते.

देवधर मात्र खेळत राहिले. १९४४-४५ मध्ये, वयाची पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके ठोकली : १०५ आणि १४१. पहिल्या महायुद्धापूर्वी सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणी कारकीर्द दुसरे महायुद्ध संपल्यानंतर थांबली. ८१ सामने, ४,५२२ धावा आणि नऊ शतके ही तिची बेरीज. त्यातील निम्म्याहून अधिक काळ भारतात नियमित राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे वजन कळते.

त्यांनी लावलेली फलंदाजीची शिस्त मागे उरली. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३ वर पोहोचले. ब्रॅडमन यांच्या ४५२ या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडच्या संघाने पुढे खेळण्यास नकार दिला आणि विक्रम हुकला. १९४९ मध्ये मुंबई-महाराष्ट्र सामन्यात पुण्यात एकूण २,३७६ धावा झाल्या. एका प्रथम श्रेणी सामन्यात याहून अधिक धावा कुठेही झालेल्या नाहीत. आणि १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार होते विजय हजारे.

दीर्घायुष्याची साक्ष

निवृत्तीनंतर देवधरांनी निवड समितीवर काम केले, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद आणि नियामक मंडळाचे उपाध्यक्षपदही सांभाळले. घरातही खेळाचे वातावरण होते. त्यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव कमावले. मुलींनी मैदानावर उतरणे सहज स्वीकारले जात नव्हते, त्या काळातील ही गोष्ट आहे. १९६५ मध्ये देवधरांना पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. १९७३-७४ मध्ये सुरू झालेल्या आंतरविभागीय मर्यादित षटकांच्या स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. १९९६ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

१४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी वयाचे शतक पूर्ण केले. पुढच्या वर्षी महाराष्ट्राचा संघ पुन्हा रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचला. लुधियानात पंजाबने त्याला हरवले. त्यानंतर काही महिन्यांनी, २४ ऑगस्ट १९९३ रोजी, देवधरांनी १०१ व्या वर्षी जगाचा निरोप घेतला. १९४०-४१ नंतर महाराष्ट्राला रणजी करंडक पुन्हा जिंकता आलेला नाही. १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ या तीन हंगामांत तो अंतिम सामन्यात हरला.

हा दुष्काळ देवधरांच्या कामाचे मोल वाढवतो. पैसा, मैदाने आणि खेळाडूंच्या सोयी तेव्हापेक्षा कितीतरी वाढल्या, तरी त्यांनी लागोपाठ दोन वर्षे जे साधले ते नंतरच्या पिढ्यांना जमले नाही. स्वतःची कसोटी कॅप हुकलेल्या या प्राध्यापकाने जिल्ह्या-जिल्ह्यांतील मुलांना एक घर बांधून दिले आणि त्या घराला महाराष्ट्र हे नाव मिळवून दिले. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना होतो आणि नांदगाव, मालेगाव, येवल्याची पोरे कुंपणापाशी गर्दी करतात, तेव्हा ज्या संघासाठी ती टाळ्या वाजवतात त्याची पहिली विजयी वर्षे याच माणसाच्या कष्टातून उभी राहिलेली असतात.