मरहूम डॉ. रफिक झकेरिया : एक शिक्षणव्रती जीवन

मराठवाड्यातील मुस्लिम समाजाच्या शिक्षणाचा इतिहास लिहावयाचा झाल्यास मरहूम डॉ. रफिक झकेरिया यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. मंत्री, संसदपटू व ग्रंथकार म्हणून ते देशाला परिचित होते. परंतु औरंगाबादकरांच्या दृष्टीने त्यांची खरी ओळख रोजाबागेतील शिक्षणसंस्थांचे संस्थापक हीच होय.

५ एप्रिल १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातील सोपारा येथे एका कोकणी मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबई विद्यापीठाची एम. ए. परीक्षा त्यांनी सुवर्णपदकासह उत्तीर्ण केली. पुढे लंडन विद्यापीठाची पीएच. डी. मिळवून ते बॅरिस्टर झाले.

१९६२ साली औरंगाबादमधून ते विधानसभेवर निवडून आले. त्या वेळी येथील परिस्थिती बिकट होती. निजामी राजवटीत शिक्षण व कारभार उर्दूत चाले. १९४८ नंतर राज्य बदलले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि कचेरीची भाषाही बदलली. उर्दूत शिकलेल्या तरुणापुढे नोकरीचे दार अरुंद झाले. बदललेल्या काळाचे शिक्षण घेतल्यावाचून समाजास तरणोपाय नाही, हे डॉक्टरसाहेबांनी ओळखले.

या शहरात त्यापूर्वी १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिलिंद महाविद्यालय काढले होते आणि १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले होते. त्याच वाटेवर १९६३ साली मौलाना आझाद महाविद्यालय सुरू झाले. स्वतंत्र भारताच्या पहिल्या शिक्षणमंत्र्यांचे नाव देण्यात हेतू होता. संस्था मुस्लिमांनी चालवावी, परंतु तिचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडे असावे, हा दंडक त्यांनी घालून दिला. पुढे या रोपट्याचा वृक्ष झाला. शिक्षक प्रशिक्षण, व्यवस्थापन व हॉटेल व्यवसायाचे शिक्षण येथे मिळू लागले. नौखंडा महालाच्या आवारात मुलींचे महाविद्यालय उभे राहिले. मुलींना दूर धाडण्यास कचरणाऱ्या पालकांची अडचण त्यामुळे दूर झाली.

राज्याचे नगरविकास खाते सांभाळताना सिडकोच्या नव्या औरंगाबादच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. १९७८ मध्ये ते राज्यसभेवर गेले. मंत्रिपदे आली आणि गेली. संस्थेचा भार मात्र त्यांनी चार दशके वाहिला.

लेखणीही अखंड चालू होती. फाळणीने मुसलमानांचेच सर्वाधिक नुकसान झाले, असे त्यांनी निर्भीडपणे मांडले. जातीय द्वेषावर त्यांनी कोरडे ओढले, तसेच २००४ च्या ग्रंथात स्वसमाजाच्या चुकाही दाखविल्या. दोन्ही बाजूंचा रोष पत्करूनही ते सत्य सांगत राहिले.

९ जुलै २००५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. दफन मात्र त्यांनी उभारलेल्या रोजाबागेच्या परिसरातच झाले. संस्थेचा कारभार पत्नी पद्मश्री फातमा झकेरिया यांनी पुढे वाहिला. २०२१ मध्ये त्याही निवर्तल्या.

शहर आता छत्रपती संभाजीनगर झाले आहे. परंतु गरिबाघरची पहिली शिकणारी मुलगी आजही महाविद्यालयाची पायरी चढते आहे. तिचे शिक्षण अर्ध्यावर सुटू न देणे, हेच डॉक्टरसाहेबांचे खरे स्मारक ठरेल. पालकांनी व शिक्षकांनी ही जबाबदारी आपली मानावी, एवढीच विनंती.